मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वडील ७१ वर्षांचे, ठाण्यात वर्तकनगरला राहतात. ३ वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन एक स्टेंट बसला. तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली गोळी रोज चालू आहे. आता उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. हॉस्पिटलमधून मिळालेल्या छापील कागदावर ‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्या ५ दिवस आधी बंद’ असं लिहिलंय आणि फॅमिली डॉक्टर म्हणतात, बंद करायच्या नाहीत. शिवाय नेरूळच्या आत्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, त्या असिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी घेतात आणि त्यांचंही ऑपरेशन दिवाळीनंतर करायचंय. ऐकायचं कुणाचं?

मी डोळ्यांची सर्जन आहे, प्रॅक्टिस ठाण्यातच. हा प्रश्न ओपीडीत सतत येतो. जे विचारतात त्यांचं बरं असतं. जे न विचारता परस्पर गोळी बंद करून येतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

कागद आणि फॅमिली डॉक्टर दोघं दोन वेगळ्या धोक्यांबद्दल बोलतायत. कागदाला डोळ्यात रक्तस्राव होण्याची धास्ती आहे, डॉक्टरांना स्टेंटमध्ये गुठळी होण्याची. दोन्ही धोके खरे, पण दोन्हींचं वजन सारखं नाही. ते वजन ठरतं तीन गोष्टींवर: ऑपरेशन नेमकं कोणतं, डोळा बधिर कसा करणार, आणि गोळी कशासाठी चालू आहे. छापील कागदाला यातलं काहीच माहीत नसतं. तो सगळ्यांना सारखाच दिला जातो. त्यात कागद देणाऱ्या काउन्सेलरचा दोष नाही, पण निर्णय त्या कागदावरून घ्यायचा नाही.

कागदावरचा नियम आला कुठून, ते सांगते. पूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे १० ते १२ मिलिमीटरचा छेद, वर टाके, आणि डोळा बधिर करायला डोळ्याच्या मागे लांब सुईचं इंजेक्शन. तेव्हा सर्जनला रक्ताची भीती असणं साहजिक होतं. अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये फेकोचं तंत्र, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी मोतीबिंदू फोडून छोट्या छेदातून ओढून काढायचं, आणलं आणि पुढे ते जगभर रुळलं. आता छेद साधारण २.२ ते २.८ मिलिमीटरचा असतो आणि तो कॉर्नियाच्या कडेला घेतात. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग. त्यात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून तर तो पारदर्शक राहतो. आतलं भिंग, ज्याला मोतीबिंदू झालाय, त्यातही रक्तवाहिनी नसते. म्हणजे ज्या दोन भागांना आमचं हत्यार लागतं, त्या दोन्हींत रक्त नाही. मायक्रोस्कोपखाली पाहताना छेदाच्या टोकाशी कधीतरी पांढऱ्या भागातली एखादी बारीक वाहिनी दुखावते, लाल रेघ उमटते, सलाईनची धार सोडली की धुतली जाते. वडील अ‍ॅस्पिरिन घेतात की नाही, हे त्या रेघेवरून मला ओळखता येणार नाही.

ऑपरेशन बदललं, कागद तोच राहिला.

पण सगळं इतकं सरळ नसतं, कारण मध्ये भूल येते. डोळा बधिर करण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला, नुसते थेंब. सुई नाही, त्यामुळे सुईने रक्तस्राव होण्याचा प्रश्नच नाही. दुसरा, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याला बारीक कात्री लावायची आणि बोथट नळीने औषध आत सोडायचं. याला आम्ही सबटेनन म्हणतो. यात पांढऱ्यावर थोडं रक्त पसरतं, डोळा आठवडाभर भयंकर दिसतो, इजा काही नसते. तिसरा, टोकदार सुईने डोळ्याच्या बाजूला खोल इंजेक्शन. हॉस्पिटलच्या बोलीत ‘ब्लॉक’. खरी भीती इथे असते. सुईने डोळ्यामागची वाहिनी दुखावली तर मागे रक्त साचतं, डोळा पुढे ढकलला जातो, पापण्या ताणून घट्ट होतात आणि दृष्टीच्या नसेवर दाब येतो. असं झालं तर त्या दिवशी ऑपरेशन करत नाहीत, आधी दाब उतरवावा लागतो. हे दुर्मिळ आहे, गोळ्या घेणाऱ्यांतही दुर्मिळच. पण झालं तर गंभीर आहे, म्हणून टाळता येत असेल तर टाळायचं.

म्हणून हॉस्पिटलला पहिला प्रश्न हा विचारा: फेको आहे ना, आणि थेंबांवर करणार की ब्लॉक देऊन? सगळ्यांचं थेंबांवर होत नाही हेही खरं. ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांची मान कंपवाताने हलते, जे फार घाबरतात, ज्यांचा मोतीबिंदू पिकून कडक झालाय, त्यांच्यासाठी सर्जनला डोळा स्थिर हवा असतो. अशा पेशंटला मी स्वतः सबटेनन देते आणि गोळ्या चालू ठेवते. सुईचाच ब्लॉक द्यायचा असेल तर दोन-दोन गोळ्या चालू असताना काही सर्जन हात आखडता घेतात. क्लोपिडोग्रेल काही दिवस थांबवून फक्त अ‍ॅस्पिरिन ठेवता येईल का, असं ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारतात. असं विचारण्यात गैर काही नाही. न विचारता परस्पर ‘बंद करा’ म्हणणं मात्र मला पटत नाही.

हे केवळ माझं मत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या १९ हजारांहून अधिक मोतीबिंदूच्या ऑपरेशनांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅस्पिरिन किंवा वॉरफॅरिन (असिट्रॉमच्याच जातीचं औषध) चालू ठेवणारे आणि बंद करणारे, दोघांची तुलना त्यात होती. चालू ठेवणाऱ्यांत डोळ्यातल्या गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण नजरेत भरेल इतकं वाढलेलं आढळलं नाही. तेव्हापासून जगभरच्या नेत्रतज्ज्ञांचा कल गोळी चालू ठेवण्याकडेच आहे.

आता दुसरी बाजू, स्टेंटची. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी. तिथे प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटल्या की गुठळी होते. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सचं हे चिकटणंच रोखतात, आणि ज्या प्लेटलेटवर गोळीचा परिणाम झाला ती तिच्या उरलेल्या आयुष्यभर तशीच राहते. प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं. म्हणजे गोळी बंद केल्यावर रोज थोड्या नव्या, चिकटणाऱ्या प्लेटलेट्स रक्तात येत जातात. पाचव्या दिवसापर्यंत त्या भरपूर झालेल्या असतात. ऑपरेशननंतर क्लोपिडोग्रेल नेहमीच्या डोसने परत सुरू केलं तरी पूर्ण परिणाम यायला आणखी काही दिवस लागतात. कागदावरचे ‘५ दिवस’ असे बघता बघता आठवड्याच्या पुढे जातात. हा सगळा काळ स्टेंटला गोळीचं संरक्षण नाही.

डोळ्यात रक्त आलं तर ते ऑपरेशन टेबलवर, मायक्रोस्कोपखाली, माझ्या समोर येतं. स्टेंट बंद पडतो तो पहाटे घरी. घोडबंदर रोडवरून अ‍ॅम्ब्युलन्स काढणं काय असतं, ते ठाणेकरांना सांगायला नको.

तेव्हा तुमच्या वडिलांपुरतं माझं म्हणणं असं: फेको थेंबांवर होणार असेल तर गोळी बंद करायचं कारण मला दिसत नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा नेहमीच्या वेळी घ्यायची. उपाशी राहायला सांगितलं असेल तर घोटभर पाण्याबरोबर घ्यायला चालते का, ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, बहुतेक ठिकाणी चालते. हा निर्णय तुमच्या सर्जनकडून आणि गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. ‘फिटनेस’साठी फिजिशियनकडे जालच. त्या कागदावर फक्त ‘फिट फॉर सर्जरी’ असा शिक्का आणू नका, ‘गोळ्या चालू ठेवा’ हे शब्द लिहून घ्या. कागद वाचून वडिलांनी दोन दिवस आधीच गोळी बंद केली असेल, तर आजच फोन करा. राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून एकदम दोन मात्र देऊ नका.

इथे एक गोष्ट खटकली, ती सांगायलाच हवी. हार्ट अटॅकनंतर स्टेंट बसला की ही दोन्ही औषधं साधारण १२ महिने देतात, त्यानंतर बहुतेकांना एकावर आणतात. वडिलांना ३ वर्षं झाली तरी दोन्ही चालू आहेत. कदाचित त्याला कारण असेल. स्टेंट अवघड जागी असेल, मधुमेह असेल, कार्डिओलॉजिस्टनी मुद्दाम चालू ठेवल्या असतील. कदाचित तीच जुनी चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून गोळ्या येत राहिल्या असतील. हेही मी नेहमी पाहते. डोळ्याच्या निमित्ताने कार्डिओलॉजिस्टकडे जाणं झालं तर एवढं विचारून घ्या. उत्तर काहीही येवो, ते त्यांच्याकडून येऊ दे.

उलट बाजूने, कुणाचा स्टेंट नुकताच बसला असेल, काही आठवडे किंवा महिनेच झाले असतील, तर मी मोतीबिंदूच पुढे ढकलते. मोतीबिंदू सहसा थांबू शकतो. पिकून डोळ्याचा दाब वाढायला लागला असेल तर गोष्ट वेगळी.

गोळ्यांबद्दल आणखी एक. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. इकोस्प्रिन एव्हीमध्ये अ‍ॅस्पिरिनबरोबर कोलेस्टेरॉलची गोळी असते, इकोस्प्रिन गोल्डमध्ये या दोन्हींबरोबर क्लोपिडोग्रेलही. डेप्लॅट ए किंवा क्लोपिटॅब ए म्हणजे क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन. ‘कोलेस्टेरॉलची गोळी घेतो, रक्ताची नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्या आजोबांच्या पट्टीवर बऱ्याचदा अ‍ॅस्पिरिन निघतं. तेही पट्टी पूर्ण असली तर. काही जण दोन गोळ्यांपुरती पट्टी कापून खिशात घालून आणतात आणि नाव नेमकं कापलेल्या तुकड्यात राहिलेलं असतं. मग घरी फोन, सूनबाई कपाटात शोधणार, फोटो पाठवणार. अख्ख्या पट्ट्या आणा, शक्य असेल तर डिस्चार्ज समरीसुद्धा.

आत्यांचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यात जास्त जपावं लागतं. कृत्रिम झडप दोन प्रकारची असते, धातूची आणि प्राण्यांच्या ऊतीची. असिट्रॉम वर्षानुवर्षं चालू असेल तर बहुधा धातूची आहे, पण फाइल बघून खात्री करा. त्यांच्या पिढीत लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या बायका पुष्कळ आहेत, आणि त्यात डावीकडची मायट्रल झडप जास्त. धातूच्या झडपेवर गुठळी बसली तर झडप अडकते किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते. म्हणून असिट्रॉम मनाने एक दिवसही बंद करायची नाही.

असिट्रॉम अ‍ॅस्पिरिनपेक्षा वेगळ्या वाटेने काम करते. ती व्हिटॅमिन के अडवते, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक कमी तयार होतात. तिचा परिणाम आयएनआर या रक्ताच्या तपासणीने मोजता येतो (आकडा जितका मोठा, तितकं रक्त उशिरा गोठतं), आणि आमच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे. धातूच्या मायट्रल झडपेला आयएनआर साधारण २.५ ते ३.५ ठेवतात. आत्यांना नेमका किती सांगितलाय ते त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. ऑपरेशनच्या २-३ दिवस आधी तपासणी करा. आकडा ठरलेल्या मर्यादेत असेल तर थेंबांवर फेको होतो, गोळी चालू ठेवून. वर गेला असेल तर तारीख पुढे ढकलायची, डोस त्यांचे डॉक्टर बदलतील, आठवड्याने पुन्हा तपासणी. ‘असिट्रॉम थांबवून मध्ये पोटात रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं’ हा बेत मोठ्या ऑपरेशनांसाठी कधी करावा लागतो. थेंबांवरच्या फेकोसाठी तो करताना मला तरी फायदा दिसत नाही.

आत्यांना कुणी शेजारीपाजारी सांगेल, ‘आता तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात, त्या सुरू करा.’ डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्साबान, अपिक्साबान ही ती औषधं. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ती चांगली आहेत, पण धातूच्या झडपेला चालत नाहीत. डॅबिगॅट्रान अशा पेशंटना देऊन पाहिलं तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले आणि तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. बाकी ज्यांना ही औषधं ठोक्यांसाठी चालू आहेत, त्यांच्यासाठी: यांचा परिणाम आयएनआरवर कळत नाही, आणि डॅबिगॅट्रान बरंचसं किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट जवळ ठेवा. थेंबांवर असेल तर सहसा चालू. ब्लॉक द्यायचा असेल तर सकाळचा डोस ऑपरेशननंतर घ्यायचा का, हे सर्जन आणि फिजिशियन मिळून ठरवतील.

दिवाळीनंतर म्हणालात म्हणून आठवलं. थंडी सुरू झाली की बाजारात मेथी, पालक, हिरवा लसूण यांचे ढीग लागतात आणि घरात रोज पालेभाजी होते. पालेभाजीत व्हिटॅमिन के भरपूर. एरवी आठवड्यातून एकदा खाणाऱ्या बाईने रोज मेथी सुरू केली तर आयएनआर खाली येतो. पालेभाजी सोडा असं मी म्हणत नाही, दर आठवड्याला साधारण सारखी खा. मध्येच जुलाब किंवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी मेट्रोनिडॅझोल, सिप्रोफ्लोक्सासिन अशी अँटिबायोटिक घेतली तर आयएनआर उलट वर जातो. ऑपरेशनच्या आधीच्या पंधरवड्यात असं काही घेतलं असेल तर आवर्जून सांगा. लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, काढे, चूर्ण, सगळं सांगा. ‘ते आयुर्वेदिक आहे’ म्हणून यादीतून वगळू नका.

हे उत्तर फेकोपुरतं आहे. नात्यात कुणाचं दुसरं ऑपरेशन असेल तर तिकडे ते लावू नका. शिबिरांत होणाऱ्या बिनटाक्याच्या मोतीबिंदू ऑपरेशनात पांढऱ्या भागातून साधारण ६ मिलिमीटरचा बोगदा काढतात, ब्लॉक देतात, थोडं रक्त येतं आणि ते डाग देऊन थांबवतात. तिथेही गोळ्या बहुधा चालू ठेवता येतात, पण सर्जनला माहीत हवं. काचबिंदूच्या ऑपरेशनात डोळ्याचा दाब एकदम उतरतो आणि आतल्या थरात रक्तस्राव होऊ शकतो, तिथे आम्ही जास्त सावध असतो. नासूरचं (अश्रूंची वाट बंद झाल्यावर करतात ते) ऑपरेशन नाकाच्या हाडातून जातं, नाकातून रक्त चांगलंच येतं. पापणीची आणि डोळ्यामागची ऑपरेशनंही तशीच. तिथे गोळी काही दिवस थांबवण्याचा विचार होतो, तोही हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. रेटिनासाठी (डोळ्याच्या मागच्या पडद्यासाठी) डोळ्यात देतात त्या इंजेक्शनांना मात्र काहीच बंद करावं लागत नाही. मधुमेहाने डोळ्यात रक्त उतरलं की बरेच जण घाबरून अ‍ॅस्पिरिन सोडतात. अ‍ॅस्पिरिनने तो रक्तस्राव वाढत नाही, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने केव्हाच दाखवलंय.

ऑपरेशननंतर डोळ्याचा पांढरा भाग लालभडक दिसला आणि दुखत नसेल, दिसायला कमी झालं नसेल, तर ते वरच्या पडद्याखालचं रक्त आहे. दोनेक आठवड्यांत पिवळट होत निघून जातं. त्यासाठी गोळी बंद करू नका. डोळा दुखतोय, नजर अंधुक होत चाललीय, डोळा पुढे आल्यासारखा वाटतोय, असं असेल तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री फोन करायचा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठीक. आत्यांनी तेही दिवसेंदिवस भरपूर घेऊ नये, आयएनआर वाढतो. घरात पडलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असलेली गोळी दोघांनाही नको. या गोळ्यांबरोबर त्या पोटात रक्तस्राव करतात, आणि तो डोळ्यातल्यापेक्षा कितीतरी वाईट.

शेवटी, तुम्ही न विचारलेलं एक. वडील ७१ वर्षांचे आहेत, तर प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतात का ते बघा. युरिमॅक्स या नावाने बरेच जण घेतात. त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडून छेदाकडे येतो. गोळी थांबवून फारसा उपयोग होत नाही, पण आधी माहीत असेल तर आम्ही वेगळी तयारी ठेवतो. पेशंट ही गोळी सांगत नाहीत, कारण ‘लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध’. त्या गोळीचीही अख्खी पट्टी आणा.